चोर सोडून संन्याशाला

बेळगावात ज्यू माणूस प्रत्यक्ष पाहिलेला कुणी सहसा भेटत नाही. ज्यूंबद्दल मत मात्र आता ज्याच्या त्याच्याकडे आहे. गाझातल्या हमास संघटनेने 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर तर ते रोज सकाळी फोनवर येऊन पडतं. गल्लीच्या ग्रुपवर, माहेरच्या खानापूरच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर. एक जण इस्रायलच्या विमानांचे व्हिडिओ टाकतो आणि खाली लिहितो, ‘यांच्याकडून शिका.’ त्याला ज्यूंचं काहीच देणंघेणं नसतं. त्याला खडे बाजारातल्या मुसलमान दुकानदाराला काहीतरी ऐकवायचं असतं. दुसरा गाझातल्या ढिगाऱ्यांचे फोटो टाकतो. ते फोटो बघून कुणाचंही काळीज हलेल. पण त्यांच्याखाली हिटलरच्या नावावर खपवलेलं ते वाक्य असतं, की मी थोडे ज्यू मुद्दाम शिल्लक ठेवले, म्हणजे बाकीच्यांना का मारलं ते जगाला कळेल. हिटलर असं कधी बोलला याला काडीचा पुरावा नाही, तरी ते फिरतंच. टाकणारी माणसं ओळखीची, चांगल्या घरातली. अडीअडचणीला धावून येणारी.

मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास शिकवते. दहावीला महायुद्धांचा भाग आला की एखादा तरी मुलगा हात वर करतो. “टीचर, हिटलर भारी होता म्हणे की.” त्याच्या मनात काही वाईट नसतं. बसस्टँडजवळच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, यशस्वी कसं व्हावं ते सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं. ‘एक कडक माणूस पाहिजे, सगळे सरळ होतील’ हे तर तो घरात आणि कट्ट्यावर ऐकतच मोठा झालेला असतो. मी सांगते, 60 लाख ज्यू मारले, त्यात 15 लाखांच्या आसपास लहान मुलं होती. वर्ग दोन मिनिटं गप्प होतो आणि मग कुणीतरी विचारतं, “पण टीचर, त्यांनी कायतरी केलं असणारच की.” या प्रश्नाने माझी झोप गेलेली आहे. म्हणून आता मी आकड्यांनी सुरुवात करत नाही. पुण्याच्या मावशींपासून करते.

बी.एड.ला असताना मी पुण्यात रास्ता पेठेत राहायचे. घरमालकीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू; वयस्कर, एकट्या. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक बारीकशी डबी तिरकी ठोकलेली असायची, मेझुझा. बाहेर पडताना मावशी तिला बोटं लावून ती ओठांना लावायच्या, आपण उंबऱ्याला हात लावतो तशा. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लागलेला असायचा. मटण असेल त्या दिवशी घरात दूध-दही-तूप पुढे यायचं नाही, रस्सा नारळाच्या दुधातला. खवले नसलेला मासा वर्ज्य, म्हणून कोळंबी नाही, खेकडा नाही. मनातलं काही पार पडलं की मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नावी या प्रेषिताचं नाव. मला ताटली भरून मिळायची. पुरीमला त्या ‘होळीचा सण’ म्हणायच्या. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी पांढरं नेसून, दार लावून, कडक उपास. माझ्या तोंडून ‘काय करूलास’ ऐकलं की त्यांना हसू आवरायचं नाही. त्यांचं मराठी अलिबागकडचं, स्वच्छ, म्हणींनी भरलेलं.

“आमच्या लोकांना जगात कुठे कुठे मारलं गं,” त्या म्हणायच्या, “पण कोकणात कुणी बोट लावलं नाही.”

हे खरंच आहे. परंपरा सांगते, की शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. आपल्याच माणसांसारखी, गावावरून पडलेली. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ 1796 मध्ये मांडवीत बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. कंपनीच्या फौजेतला हा माणूस म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला होता, आणि सुटल्याबद्दल त्याने ते बांधलं असं सांगतात. 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले ते डॉ. एलिजा मोझेस. एकेकाळी वीसेक हजार बेने इस्राएल होते. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आज देशभरातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार उरले असतील. महाराष्ट्र सरकारने त्यांना 2016 मध्ये अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

गेलेल्यांचं तिकडे सगळं गोड झालं असंही नाही. 1960 नंतर तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नांना हरकत घेतली. तुम्ही खरे ज्यू कशावरून, आईकडच्या पिढ्या दाखवा. कोकणात ज्यू म्हणून राहिलेली माणसं इस्रायलमध्ये पुरावे देत बसली. शेवटी 1964 मध्ये जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, सरकार आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा धर्मपीठ नमलं. मावशींनी हे सांगितलं तेव्हा मी बेळगावची असल्यामुळे मला जास्त काही समजावून सांगावं लागलं नाही. इथे आम्ही ‘महाराष्ट्रवाले’, आणि पुण्याच्या हॉस्टेलवर मैत्रिणींनी पहिल्या दिवशी विचारलेलं, “तू कानडी ना?”

मावशी गेल्या. त्यांची धाकटी मुलगी, जिला मी ताई म्हणते, लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोदला गेली होती. 7 ऑक्टोबरला हमासने बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. दोन दिवसांनी ताईचा फोन लागला. सायरन वाजला की जिन्यात बसतो म्हणाली. नंतरच्या महिन्यांत फोनवरचं बोलणं बदलत गेलं, कारण गाझात मरणाऱ्यांचा आकडा हजारांतून दहा हजारांत आणि पुढे कैक दहा हजारांत गेला, त्यात मुलं किती ते बघवत नव्हतं. ताई गप्प व्हायची. तिचा मुलगा लंडनला शिकतो. तो आईपेक्षा तिखट. 2023 मध्ये सरकारच्या विरोधात तेल अवीवच्या रस्त्यांवर दर शनिवारी माणसं उतरायची, त्यांत सुट्टीवर आलेला तोही होता. त्या पंतप्रधानांचं नाव निघालं तरी त्याचं डोकं फिरतं. तर लंडनच्या मेट्रोत बसताना हा मुलगा गळ्यातली सहा टोकांच्या ताऱ्याची, ज्यूंच्या खुणेची, साखळी शर्टाच्या आत टाकतो. आजीने, म्हणजे मावशींनी, दिलेली साखळी. कुणी मारलं म्हणून नाही. वर्गातल्या एकीने सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्ही लोक मुलांना का मारता?” त्या दिवसापासून.

मला राग येतो तो इथे. गाझातल्या एकेका मुलासाठी इस्रायलच्या सरकारला जाब विचारलाच पाहिजे, आणि विचारणाऱ्याला ज्यूद्वेष्टा ठरवून गप्प करणारेही पुष्कळ आहेत, ते साफ चूक आहे. पण प्रश्न गेला कुणाकडे? सरकारच्या विरोधात मोर्चात चाललेल्या पोराकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि ज्यूंच्या बाबतीत ते युरोपात किमान हजारेक वर्षं चाललेलं आहे.

1348 च्या सुमारास युरोपात प्लेग आला. माणसं पटापट मरायला लागली, कारण कुणालाच कळेना. मग उठलं, की ज्यूंनी विहिरींत विष टाकलं. काही जणांचे हाल करून कबुलीजबाब घेतले आणि ते गावोगाव पोचवले. स्ट्रासबुर्गचं नगरमंडळ ज्यूंना वाचवू बघत होतं, तर ते मंडळच उलथवलं आणि 14 फेब्रुवारी 1349 ला शेकडो ज्यूंना जाळलं. त्या दिवसापर्यंत स्ट्रासबुर्गात प्लेग पोचलासुद्धा नव्हता. आता पुढचं ऐका, कारण हे पाठ्यपुस्तकात नसतं. ज्यूंना बऱ्याच ठिकाणी जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघांत प्रवेश नाही, आणि ख्रिस्ती माणसाला व्याजाने पैसे द्यायला धर्माची मनाई; म्हणून सावकारी यांच्या गळ्यात पडलेली. शहरातले पुष्कळ जण त्यांचे देणेकरी होते. जाळल्यानंतर सगळी कर्जं रद्द झाली, गहाण वस्तू ज्याच्या त्याला परत मिळाल्या, आणि रोकड वाटून घेतली. विषाची अफवा ज्यांनी पसरवली त्यांना ती खरी वाटत होती की नाही, मला माहीत नाही. कर्ज फिटलं हे मात्र सगळ्यांना कळलं असणार.

1903 मध्ये रशियात एका वर्तमानपत्रात छापलं गेलेलं ‘प्रोटोकॉल्स’ नावाचं बनावट लिखाण तसंच. ज्यू पुढारी गुप्तपणे जमून जगावर राज्य करायचा बेत आखताहेत, त्याचा म्हणे हा वृत्तांत. 1921 मध्ये लंडनच्या टाइम्सने उतारे शेजारी शेजारी छापून दाखवलं, की हे 1864 मधल्या एका फ्रेंच पुस्तकावरून उचललेलं आहे, आणि त्या मूळ पुस्तकात ज्यूंचा संबंधच नाही, ती तिसऱ्या नेपोलियनवर टीका आहे. चोरी उघडी पडली, तरी अमेरिकेत मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड आपल्या साप्ताहिकातून तेच सांगत राहिले, नाझींनी ते शाळेत शिकवलं, 1988 मध्ये हमासने आपल्या सनदेत त्याचा हवाला दिला. आमच्या ग्रुपवर ‘जगातल्या सगळ्या बँका कुणाच्या हातात आहेत बघा’ म्हणून जो तक्ता येतो, तो त्याचाच नातू. पुरावा दिला की खोटं मरतं, असं मी मुलांना पूर्वी सांगायचे. आता सांगत नाही.

आणि हे लचांड कुठल्या एका पक्षाचं नाही. 27 ऑक्टोबर 2018 ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शिरून एकाने अकरा जणांना मारलं. त्याचा राग काय, तर ज्यूंची संस्था निर्वासितांना अमेरिकेत आणते. 9 ऑक्टोबर 2019 ला, दारफाळणीच्या दिवशी, जर्मनीत हाले इथे बंदूकधारी आला. आत पन्नासेक माणसं प्रार्थनेला बसलेली. लाकडी दार त्याच्या गोळ्यांना पुरून उरलं. मग त्याने रस्त्यावरून जाणारी एक बाई आणि कबाबच्या दुकानातला एक माणूस मारला. हे दोघे हल्लेखोर गोऱ्या वर्चस्वाची भाषा बोलणारे, उजव्या टोकाचे. 26 नोव्हेंबर 2008 ला सुरू झालेल्या हल्ल्यात आपल्या मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात रब्बी (ज्यू धर्मगुरू) होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चौघांना मारणारे लष्कर-ए-तय्यबाचे जिहादी. त्यांचा छोटा मोशे वाचला तो दाई सँड्रा सॅम्युअल यांनी त्याला उचलून बाहेर पळ काढला म्हणून. 2025 च्या दारफाळणीला मँचेस्टरमध्ये सिनेगॉगवर हल्ला झाला, दोघे गेले. विद्यापीठांतल्या काही डाव्या गटांत इस्रायलवरचा राग कधी ज्यू विद्यार्थ्याच्या खोलीच्या दारावर उतरतो, ते कळतही नाही. अमेरिकेत एडीएल ही संस्था अशा घटनांची नोंद ठेवते. 2022 मध्ये 3,700 च्या आसपास, 2023 मध्ये 8,873. यात मोर्च्यांतल्या काही घोषणाही धरल्या आहेत म्हणून तिथे वाद आहे. त्या वजा केल्या तरी वाढ दुपटीच्या घरात उरतेच.

तिथले पुढारी या आकड्यांचं काय करतात ते बघावं. उजव्यांना फक्त डाव्यांमधला ज्यूद्वेष दिसतो, डाव्यांना फक्त उजव्यांमधला. आपल्या पंगतीतल्याने तेच बोललं, की ते ‘संदर्भ सोडून घेतलेलं वाक्य’. आणि त्याच ऑक्टोबर 2023 मध्ये शिकागोजवळ सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी-अमेरिकन मुलाला घरमालकाने भोसकून मारलं, तेव्हा एरवी मोठमोठ्याने बोलणारे कितीतरी जण गप्प होते. प्रत्येकाचं रडणं आपल्या वाट्याचं.

बेळगाव महाराष्ट्रात हवं की कर्नाटकात या सीमाप्रश्नाची आणि नाझींच्या आउशवित्झ या मृत्युछावणीची तुलना करण्याचा अडाणीपणा मी करणार नाही. आमच्याकडे जे आहे ते फार लहान आहे. पण राग एका दारातून दुसऱ्या दारात कसा जातो, हे आम्ही 1956 पासून घरबसल्या बघतो आहोत. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी वडिलांच्या कॅरियरवर बसून गेले आहे. 1 जून 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना हिंडलग्याला जाऊन हात जोडले आहेत. माझ्या शाळेत मुलं दरवर्षी कमी होताहेत, आणि मराठीत सातबारा मागितला की काय ऐकावं लागतं ते मला ठाऊक आहे. मागणी खरी आहे, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. हे सगळं मान्य करूनच पुढचं सांगते.

डिसेंबर 2022. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसला काळं फासलं गेलं. त्या आठवड्यात माझे धाकटे दीर आईला दाखवायला कोल्हापूरला निघाले होते. गाडीचा नंबर अर्थातच केए-22. शहरात शिरताना सात-आठ पोरांनी अडवलं, एकाच्या हातात काळ्या ऑइलपेंटचा डबा, ब्रश आधीच बुडवलेला. दीर काच खाली करून ओरडले, “अरे बाबांनो, मी मराठीच आहे, एकीकरण समितीचा आहे, काळा दिन पाळतो!” पोरं वरमली. ‘सॉरी काका’ म्हणाली, पाठीवर थाप मारली. दिरांनी गाडी पुढे काढली, आणि आरशात बघितलं तर मागच्या केए-22 वर ब्रश फिरत होता. आत बहुतेक कन्नड कुटुंब असावं, कारण आतून कुणी काही ओरडलं नाही.

घरी सगळ्यांनी ही गोष्ट ‘वाचलो बाबा’ म्हणून ऐकली. मला मागची गाडी सोडत नाही. माझे दीर मराठी आहेत म्हणून सुटले, याचा अर्थ ते मराठी नसते तर त्या रंगात काही गैर नव्हतं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. मागच्या गाडीतही कुणाची तरी आई असेल दवाखान्याला निघालेली. हिरेबागेवाडीला दगड तिने टाकला नव्हता. ताईच्या मुलाने तरी कुठे विमान उडवलं होतं?

फेब्रुवारी 2025 मध्ये बसच्या कंडक्टरवरून पुन्हा पेटलं. मराठी की कन्नड, कुणी कुणाला आधी काय म्हटलं, याच्या दोन गोष्टी दोन भाषांच्या पेपरात आल्या. चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळं फासलं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे बस बंद. माझा भाचा बंगळूरला नोकरीला आहे. त्याला मी फोनवर म्हटलं, बसमध्ये मराठीत मोठ्याने बोलू नको. वरच्या घरातल्या अक्काची मुलगी पुण्याला शिकते; अक्काने तिला त्याच संध्याकाळी तेच सांगितलं, कन्नडमधून. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून एकमेकींना हे सांगत होतो आणि दोघींनाही पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं. अक्काच्या घरी उगादीचं जेवण असलं की आमच्याकडे चूल पेटत नाही. इथे अर्ध्या घरांत एक तरी सून पलीकडच्या भाषेतली आहे. तरी निवडणूक जवळ आली की पाटीवर कुठलं अक्षर मोठं, यावर गल्ल्या पेटतात. कुणाचं कर्ज फिटतं त्यात, हा स्ट्रासबुर्गचा प्रश्न मी आता इथेही विचारते.

यंदा हे सगळं वर्गात सांगितलं. मावशी, मलिदा, हालेचं दार, कोल्हापूरची गाडी. मागच्या बाकावरचा एक पोरगा, मोर्चाला पुढे असणारा, चिडून उठला. “मग टीचर, एक नोव्हेंबरला काळी फीत बांधायची का नाही?”

“बांध,” मी म्हटलं. “मी पण बांधते. फीत सरकारला दाखवायची असते.”

“आणि त्यांनी आधी दगड मारला तर?”

“ज्याने मारला त्याची तक्रार दे. मी येते तुझ्याबरोबर पोलीस स्टेशनला.”

“पप्पांना हे पटायचं नाही टीचर. पप्पा म्हणतात, मऊ लागलं की कोपराने खणतात.”

त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. त्याच्या पप्पांचं अनगोळात किराणा दुकान आहे. पाटीवरून त्यांना नोटीस आलेली, एकदा काचही फुटलेली. त्यांचा राग हवेतून आलेला नाही. मी त्याला म्हटलं, पप्पांना घेऊन ये. ते येतो म्हणालेत. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटली की शिक्षकांच्या खोलीत बसू. त्यांना मावशींचं सांगणार आहे, पण ते नंतर. दुकानात उधारीची वही आहे, निम्मी गल्ली तिच्यात आहे. त्यांना आधी स्ट्रासबुर्गच्या कर्जांची गोष्ट सांगेन.